पुढच्याच्या गळ्यात

गाडी विकायच्या आदल्या रात्री तिची जेवढी सेवा होते, तेवढी तिच्या उभ्या आयुष्यात झालेली नसते. इंजिन धुतलं जातं, टायरांना काळं चोपडलं जातं, सीटना नवी कव्हरं चढतात. इथवर तक्रार नाही. विकायची वस्तू पुसून ठेवणं यात पाप कसलं? पण गाडी डिझेल पिकअप असेल आणि तिचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असेल, तर त्या रात्री आणखी काही कामं उरकली जातात. जळकं तेल काढून नवं लालभडक तेल भरतात आणि घसरणाऱ्या क्लच प्लेटा चार-आठ दिवस तरी पकड धरतील असं दाट औषध त्यात मिसळतात. स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या दोषांच्या नोंदी पुसून टाकतात. आणि सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी गावाबाहेर फिरवून गरम करून आणतात, कारण थंड गाडीत ‘डी’, म्हणजे पुढं जायचा गिअर, टाकल्यावर ती जी ढिम्म उभी राहते आणि मग झटका देते, ते गरम गाडीत बऱ्याचदा झाकलं जातं. मग गिऱ्हाईक येतं. ‘डॉक्टरांची गाडी होती, घर ते दवाखाना, बस्स.’ टोकन दिलं जातं, पेढे येतात.

याला आपण फसवणूक म्हणत नाही. ‘खपवली’ म्हणतो. आणि ज्यानं खपवली तो तोंड लपवून बसत नाही, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाटावरच्याला रंगवून सांगतो की, गिअरबॉक्स गेलेलाच होता, पण मी बरोबर एकाच्या गळ्यात मारली. ऐकणारे हसतात. त्या हसणाऱ्यांत शिक्षक असतात, पतसंस्थेचे संचालक असतात, सप्ताहाची वर्गणी गोळा करणारे असतात. एकालाही विचारावंसं वाटत नाही की, ज्याच्या गळ्यात मारली तो कोण होता आणि त्याचं पुढं काय झालं. माझा आरोप त्या विकणाऱ्यावर आहेच, पण त्याहून मोठा आरोप या हसण्यावर आहे.

ऑटोमॅटिकचीच गोष्ट का काढतो, ते सांगितलं पाहिजे. आपल्याकडचे बहुतेक पिकअप अजून हातानं गिअर टाकायचे आहेत. त्यांचा क्लच गेला तर शेंबडं पोरही सांगतं. वास येतो, गाडी चढ चढत नाही, गिअर खरखरतो. ऑटोमॅटिक पिकअप हा आपल्याकडचा नवा पाहुणा. इसुझूचा व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आला तो मॅन्युअल. ऑटोमॅटिक मिळायला २०१९ उजाडलं. टोयोटाचा हायलक्स २०२२ मध्ये आला. त्याच्या २.८ लिटर डिझेल इंजिनाची ओढ ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर, मॅन्युअलमध्ये ४२०. अशा गाड्या पहिल्यांदा घेतल्या त्या कंत्राटदारांनी, रिसॉर्टवाल्यांनी, मोठ्या बागाईतदारांनी आणि ज्यांना चारचौघांत उंच बसायचं असतं अशा पुढाऱ्यांनी. आता त्या दुसऱ्या-तिसऱ्या हाताला येऊ लागल्या आहेत. आणि तालुक्याच्या गावात त्यांच्या पोटातलं समजणारा मिस्त्री शोधून सापडत नाही. अज्ञान आणि लबाडी एकत्र नांदायला याहून सोयीची जागा नाही.

पोटात असतं तरी काय? इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा बंद डबा असतो. इंजिनाकडच्या पात्यांनी ढकललेलं तेल समोरच्या पात्यांवर आदळतं आणि गाडी पुढं सरकते. वेग आला की आतला एक क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडून टाकतो, म्हणजे तेलातली घसरण थांबते. त्यापुढं गिअरांचे संच, आणि कुठला गिअर लागायचा ते ठरवणारे क्लच प्लेटांचे जुडगे. या प्लेटांवरचं अस्तर कागदी जातीचं, गोंदानं चिकटवलेलं असतं. ते दाबून धरतं तेलच, थंड करतं तेलच, वंगण देतं तेलच. तेल तापलं की बिघडतं. गॅरेजवाल्यांचा ढोबळ हिशेब असा की, नेहमीच्या तापमानाच्या वर दर दहा-अकरा अंश सेल्सियसला तेलाचं आयुष्य निम्मं होतं. म्हणजे पिकअपमध्ये वाळू, सिमेंट, द्राक्षाचे क्रेट क्षमतेबाहेर भरून घाट चढवणारा माणूस प्रत्येक खेपेला हे आयुष्य जाळत असतो. गाडी मात्र तक्रार करत नाही. ती निमूट चालते आणि एके दिवशी थांबते.

नेमक्या या निमूटपणावर आपला सगळा व्यापार चालतो. दुखणं दिसत नाही, तोवर ते नाहीच असं मानायचं. दिसायला लागायच्या आत गाडी दुसऱ्याच्या दारात लावायची.

शोधायचं म्हटलं तर दुखणं सापडतं, आणि त्याला विद्यापीठाची पदवी लागत नाही. पहिली अट एकच: गाडी थंड असताना बघायची. बॉनेटवर हात ठेवा; ते गरम लागलं तर तुमच्यासाठी कुणीतरी पहाटे कष्ट घेतलेत असं समजा आणि दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू करून, ब्रेक दाबून, ‘एन’ म्हणजे न्यूट्रलवरून ‘डी’ला न्या आणि गाडी पकड घेईपर्यंतचा वेळ मोजा, मग ‘आर’चा, म्हणजे रिव्हर्सचा. नेमकं माप मात्र गाडी नेहमीइतकी तापल्यावर, इंजिन मंद चालत असताना घ्यायचं असतं. टोयोटाच्या बऱ्याच दुरुस्ती-पुस्तकांत ‘डी’साठी १.२ सेकंदांच्या आत आणि ‘आर’साठी १.५ सेकंदांच्या आत असं ते दिलेलं आहे. यापेक्षा फार उशीर लागला तर आतला दाब कमी आहे, सीलं कडक झालीत किंवा प्लेटा झिजल्यात. मोबाइलमधलं घड्याळ पुरतं. पण आपण त्या मोबाइलनं गाडीचे फोटो काढतो आणि गटावर टाकतो.

मग तेल. जुन्या ऑटोमॅटिकना तेल बघायची कांडी असायची. आताच्या अनेक गाड्यांना ती ठेवलेलीच नाही. गाडी सपाट जागी उचलून, तेल ठराविक तापमानाला आणून, खालचं बूच उघडून पातळी बघावी लागते. कंपन्यांनी इथं ग्राहकावर मोठे उपकार केलेत. कांडी काढून टाकली आणि वर ‘हे तेल आयुष्यभराचं’ असंही सांगितलं. कुणाच्या आयुष्यभराचं, ते मात्र सांगितलं नाही. वॉरंटीच्या आयुष्यभराचं, असा अर्थ अनुभवी मिस्त्री काढतात. त्याच कंपन्यांच्या पुस्तकांत मागच्या पानांवर बारीक अक्षरात असतं की ओझं ओढणं, घाट, धूळ असा वापर असेल तर तेल लवकर बदला. महाराष्ट्रातल्या पिकअपचा दुसरा कुठला वापर असतो?

त्या बुचातून आलेला थेंब पांढऱ्या टिपकागदावर टाका. तो लालसर राहून सारखा पसरला तर बरं. मध्ये तपकिरी-काळा ठिपका उरला, जळका वास आला तर प्लेटा भाजल्यात. तेल दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी आत शिरलंय, आणि पाणी लागलं की प्लेटांवरचं कागदी अस्तर आणि त्याचा गोंद फार दिवस टिकत नाही. गिअरबॉक्सचं तेलाचं चेंबर उघडायची परवानगी मिळाली तर आतल्या चुंबकावर बारीक राखाडी लेप असणारच, त्याला घाबरू नका. कपच्या दिसल्या तर व्यवहार सोडा. आणि एक उलटा नियम ध्यानात ठेवा: सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत तेल कोरं करकरीत, आणि ते बदलल्याची पावती मात्र नाही, तर आनंद मानू नका. चौकशी करा.

स्कॅनरबद्दल विकणारे निर्धास्त असतात. नोंदी पुसल्या की पाटी कोरी, असा त्यांचा समज. कॉम्प्युटर इतका भोळा नसतो. नोंदी पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली याचाही हिशेब बहुतेक नव्या गाड्या ठेवतात. मीटरवर ऐंशी हजार आणि पुसल्यानंतरचं अंतर चौदा किलोमीटर असं पडद्यावर आलं, तर दोषाचं नाव कळत नाही, पण माणसाची नियत कळते. त्याच पडद्यावर तेलाचं तापमान दिसतं, इंजिनाचे आणि गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या दांड्याचे फेरे शेजारी-शेजारी दिसतात. मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात, कन्व्हर्टरमधला क्लच जोडला गेल्यावर हे दोन आकडे जवळजवळ सारखे हवेत. एक पळतोय आणि दुसरा मागं रेंगाळतोय, तर मधलं अंतर म्हणजे झिजणारा क्लच.

ब्रेक करकचून दाबून, ‘डी’मध्ये पूर्ण रेस देऊन इंजिन किती फेऱ्यांवर अडतं ते बघायची एक जुनी परीक्षा आहे. पुस्तकातल्या आकड्याच्या वर गेलं तर प्लेटा घसरतात, खाली राहिलं तर इंजिन अशक्त किंवा कन्व्हर्टर बिघडलेला. पण ही परीक्षा पाच सेकंदांच्या वर ताणली तर धडधाकट गिअरबॉक्सही भाजतो, आणि नव्या गाड्यांचे कॉम्प्युटर उभ्या गाडीत इंजिनाची ताकद स्वतःच कापतात. तेव्हा ती जाणकाराच्या हातून, कंपनीचं पुस्तक समोर ठेवून करावी. दुसऱ्याच्या गाडीवर पराक्रम गाजवायला करू नये. विकणारा तेवढा चोर आणि घेणारा संत, असं मी मुळीच म्हणत नाही.

कारण घेणारा तरी काय बघतो? रंगाला तडा गेलाय का ते नखानं खरवडून बघतो. स्टिरिओचा आवाज बघतो. नंबरची बेरीज नऊ येते का ते बघतो. गाडी पसंत पडली की अमावास्या टाळतो, मुहूर्त काढतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, नारळ फोडतो आणि तुळजापूरला नेऊन आणतो. या सगळ्यासाठी त्याच्याकडे दोन दिवस असतात. थंड गाडी सुरू करून बघायला सकाळची पंधरा मिनिटं नसतात. डब्यात चार पोती टाकून एखादा चढ चढवायला, चढावर थांबून उलटं घ्यायला, साठ-ऐंशीच्या वेगात पाय हलका ठेवल्यावर गाडी थरथरते का ते बघायला वेळ नसतो. ट्रायल म्हणजे मोकळ्या गाडीत, ए.सी. लावून, गल्लीला एक फेरी. देवाला साकडं घालून गिअरबॉक्स दुरुस्त होत असता तर पंढरपूरच्या वाटेवर टोइंगच्या गाड्या दिसल्या नसत्या. श्रद्धेला माझा विरोध नाही. तपासायचा कंटाळा श्रद्धेच्या पदराखाली लपवण्याला आहे.

मधे उभा असतो तो मिस्त्री. घेणारा त्याला विश्वासानं सोबत आणतो, चहा पाजतो, पाचशे रुपये देतो. विकणाऱ्याकडून त्याला याच्या कितीतरी पट मिळणार असतात, हे त्या भाबड्याला ठाऊक नसतं. मिस्त्री बॉनेट उघडतो, कान लावतो, मान डोलावतो आणि म्हणतो, ‘घेऊन टाका दादा, काही बघू नका.’ दोन्हीकडून पैसे घेणारा वकील असता तर त्याची सनद गेली असती. सगळेच मिस्त्री असे नाहीत. खरं बोलणारेही आहेत, आणि त्यांचं काय होतं तेही बघा: दलाल त्यांच्याकडे गाडी आणायचं बंद करतात, ‘हा सौदे मोडतो’ अशी त्यांची ख्याती होते. खऱ्याला उपाशी ठेवायचं आणि मग ‘आजकाल प्रामाणिक माणूस मिळत नाही’ म्हणून उसासे टाकायचे.

हा दोष प्रवास कसा करतो, ते बघण्यासारखं आहे. पहिला मालक नवी गाडी घेतो, तेल बदलत नाही. चालक पगारी असतो. त्याला ऑटोमॅटिकचं काही शिकवलेलं नसतं. मॅन्युअलच्या सवयीनं तो डिझेल वाचवायला ‘एन’ टाकून घाट उतरतो, गाडी पुढं जात असतानाच ‘आर’ टाकतो, उतारावर हँडब्रेक न ओढता ‘पी’वर सोडतो. बंद पडली की मागची चाकं जमिनीवर ठेवून दोरीनं ओढत नेतो. इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. बिघडलं की बोलणी तोच खातो. वॉरंटी संपत आली की मालक गाडी काढतो. दुसऱ्याला झटके कळतात. तो रंग मारून काढतो. तिसरा असतो तो मालवणचा मासळीवाला, नाशिककडचा रोपवाटिकेवाला, किंवा बायकोच्या पाटल्या मोडून आणि फायनान्सचं नव्या गाडीपेक्षा चढं व्याज कबूल करून पहिलीच गाडी घेणारा एखादा पोरगा. गिअरबॉक्स त्याच्याच हातात मरतो. ऑटोमॅटिक खोलून पुन्हा बांधायचा खर्च लाखाच्या घरात सहज जातो. तेल वेळेवर बदलायला पहिल्या मालकाला काही हजार लागले असते. ते त्यानं वाचवले, आणि भरपाई तिसऱ्यानं केली, ज्याची ऐपत तिघांत सगळ्यात कमी होती.

ही चाल आपल्याला नवी वाटायचं कारण नाही. आपली घाण आपण काढायची नाही, ती उतरंडीत आपल्या खाली असलेल्याकडे सरकवायची आणि वर हात झटकून पवित्र व्हायचं, याचा सराव या समाजाला शतकानुशतकांचा आहे. गटारात कुणाला उतरवलं, मेलेलं ढोर कुणाला ओढायला लावलं, हे आठवा. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ ओढला तो याच उतरंडीवर. गाडीच्या व्यवहारात जात विचारली जात नाही, इतकाच फरक. ऐपत विचारली जाते. ‘हा कोर्टात जाणार नाही’ याची खात्री करून मगच माल गळ्यात मारला जातो. तुमच्या गावचा आमदार तुमच्याकडून गाडी घ्यायला आला तर तुम्ही नोंदी पुसाल का?

हीच सरकवासरकवी पुरानंतरही चालते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि बाजारपेठ बुडाली. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली बुडाली होती. अशा प्रत्येक पुरानंतर गाड्यांचे ढीग विमा कंपन्यांच्या हिशेबात ‘संपूर्ण नुकसान’ म्हणून लिलावात जातात, आणि त्यातल्या काही धुऊन-वाळवून दुसऱ्याच जिल्ह्यात पुन्हा रस्त्यावर येतात. गिअरबॉक्सला वर श्वासनळी असते. गाडी तेवढी बुडाली तर तिच्यातून चिखलाचं पाणी आत उतरतं. त्या कागदी अस्तराचं मग काय होतं ते वर सांगितलंच. ज्याचं घर पुरात गेलं त्याच्या मदतीला महाराष्ट्र धावून गेला, हे खरं. त्याच महाराष्ट्रातल्या कुणीतरी त्याची बुडालेली गाडी परगावच्या गरजूला ‘एकहाती वापर’ म्हणून विकली, हेही खरं.

कायदा काय करतो? १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना अधिकारपत्र घ्यावं लागतं, ताब्यातल्या गाडीच्या फेऱ्यांची नोंद ठेवावी लागते. चांगलं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेनं नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावरचा कर सरसकट १८ टक्के केला. म्हणजे गाडी कुणाच्या नावावर आहे हे सरकारला हवं, विक्रीत किती सुटले हेही हवं. गाडीच्या पोटात काय आहे, हे मात्र घेणाऱ्यानं आणि त्याच्या नशिबानं बघायचं. अमेरिकेत, जिथं पिकअप सर्रास दिसतात आणि बहुतेक ऑटोमॅटिक, तिथं मीटर मागं फिरवणं १९७२ पासून केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे. १९८५ पासून विक्रेत्यानं जुन्या गाडीच्या काचेवर कागद चिकटवायचा असतो: वॉरंटी देतोय की ‘आहे तशी’ विकतोय, आणि स्वतंत्र मेकॅनिककडून तपासून घेऊ देणार का ते विचारा. तरी तो देश धुतल्या तांदळासारखा नाही. मीटरमध्ये फेरफार केलेल्या साडेचार लाख गाड्या दरवर्षी तिथं विकल्या जातात, असा तिथल्या रस्तेसुरक्षा खात्याचाच अंदाज. कागद चिकटवून माणूस सुधारत नाही. पण निदान तपासून मागणारा तिथं भांडखोर ठरत नाही.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावरच एक निबंध लिहिला. २००१ चं नोबेल त्याला मिळालं त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दोष फक्त विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर घेणारा सगळ्यांनाच संशयाचा भाव देतो. मग चांगली गाडी असलेला त्या भावात विकायला येत नाही आणि बाजारात खराब गाड्याच उरतात. आपण हे नोबेल न घेताही रोज सिद्ध करतो. ज्यानं दर वेळी तेल बदललं, पावत्या जपल्या, त्याला आणि ज्यानं काहीच केलं नाही त्याला आपण एकच भाव सांगतो, वर पावत्या दाखवणाऱ्याला ‘एवढं कशाला दाखवताय, काहीतरी काळंबेरं असणार’ म्हणतो.

यावर ठरलेला सवाल येईल: ‘खरं सांगितलं तर गाडी विकायची कशी?’ जशी आहे तशी, आहे त्या भावात. दुरुस्तीचा अंदाज काढून तेवढी किंमत कमी करायची. घेणारा डोळे उघडे ठेवून घेईल किंवा घेणार नाही. लाखाचं दुखणं झाकून मिळवलेला लाख हा धंद्यातला नफा नाही. ती दुसऱ्याच्या कपाटातून काढलेली रक्कम आहे, आणि कपाट कुलूपबंद नव्हतं ही सबब कुठल्याच चोराला आजवर पुरलेली नाही.

गाडी-मालकांच्या संघटना, बाजार समित्या, वाहनकर्ज देणाऱ्या पतसंस्था यांना एक काम आजच करता येईल, त्याला विधानसभेचं अधिवेशन लागत नाही. कर्जाच्या अर्जाला जशी आरसीची प्रत लागते तसा विकणाऱ्याच्या सहीचा एक साधा कागद लागेल असं ठरवावं. तो नसेल तर पैसे सुटणार नाहीत. त्यावर लिहायचं ते असं: गिअरबॉक्सचं तेल शेवटचं कधी, किती किलोमीटरला बदललं, पावती जोडली की नाही, त्यात दुसरं काही मिसळलंय का, गाडी कधी पुरात होती का, गिअरबॉक्स खोलला असेल तर कुणी आणि का, दोषांच्या नोंदी पुसल्यानंतर गाडी किती चालली, तो स्कॅनरच्या पडद्याचा फोटो, थंड गाडीची ट्रायल घेऊ दिली की नाही, तपासणाऱ्या मिस्त्रीचं नाव, आणि त्याला पैसे कुणी दिले.